पाय हलला की चिमणाळं हलतं

आज मला मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांच्याबद्दल बोलायचंय. १९६० च्या दशकातली गोष्ट, अमेरिकेत ब्राऊन युनिव्हर्सिटीत त्यांची पीएचडी चाललेली, घरात तान्हं बाळ, ते रडायला लागलं की पाळण्यावरचं चिमणाळं हलवून दाखवायचं, पण दिवसभर ते हलवत कोण बसणार, प्रबंध लिहायचा राहिलेला. मग बाईंनी एक रिबीन घेतली, एक टोक बाळाच्या घोट्याला बांधलं, दुसरं चिमणाळ्याला. पाय झाडला की वरचं हलणार, जितका जोर तितकं जास्त. आणि बाळाला ते कळलं हो! ते मुद्दाम पाय मारायला लागलं.

यावरचा पेपर आला १९६९ ला. पुढे रटगर्स युनिव्हर्सिटीत अख्खं करिअर त्यांनी या एका रिबिनीवर उभं केलं. तेव्हा बहुतेकांचं म्हणणं असं की एवढ्या लहान बाळाला कसली आलीय आठवण. आणि विचारणार तरी कसं, बाळ बोलतच नाही ना. बाईंनी प्रश्न पायाला विचारला!

पद्धत बघा किती साधी. आधी ३ मिनिटं रिबीन पायाला बांधलेली, पण चिमणाळ्याला जोडलेली नाही, तेव्हा बाळ आपणहून किती वेळा पाय मारतं ते मोजायचं. मग ९ मिनिटं जोडायची. काही दिवसांनी परत तेच चिमणाळं वर लावायचं, रिबीन न जोडता. आता बाळ पहिल्यापेक्षा जास्त पाय मारत असेल तर त्याला आठवतंय, कारण वरचं तर काही हलतच नाहीये, पाय मारायला दुसरं कारणच नाही. २ महिन्यांच्या बाळाला असं एक-दोन दिवस आठवतं, ३ महिन्यांच्याला साधारण आठवडाभर, ६ महिन्यांच्याला दोन आठवडे. मोठ्या बाळांसाठी चिमणाळ्याऐवजी लिव्हर दाबला की धावणारी खेळण्यातली ट्रेन ठेवली, तर १८ महिन्यांच्या मुलांची आठवण १३ आठवड्यांपर्यंत गेली. म्हणजे एका रात्रीत काही उगवत नाही, आठवण हळूहळू लांबत जाते.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो १९८० चा, सायन्स या जर्नलमधला प्रयोग. ३ महिन्यांची बाळं, दोन आठवडे झालेले, म्हणजे आपल्या हिशेबाने सगळं विसरलेली. टेस्टच्या आदल्या दिवशी बाळाला नुसतं चिमणाळ्याखाली ठेवायचं आणि बाळाला न दिसता प्रयोग करणाऱ्याने रिबीन ओढून ३ मिनिटं ते हलवायचं, बस्स, एवढंच. नवीन काही शिकवलेलं नाही, पाय मारायची संधीसुद्धा दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी टेस्टला चिमणाळं लावलं, रिबीन जोडलेली नाही, आणि ही बाळं पाय मारायला लागली, अगदी शिकली होती त्या दिवसासारखी.