पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि धाराशिवच्या बायका

आयोजक म्हणाले अमेरिकेत काय नवीन चाललंय ते सांगा. पण मी आधी तुम्हाला धाराशिवला नेणार आहे, कारण पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाच्या कॅन्सरबद्दल जगाला जे कळलं त्यातलं बरंच तिथल्या बायकांमुळे कळलं आणि आपल्याला पुण्यात बसून ते माहीतच नसतं.

तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या टीमने ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचे चार गट केले. एकाची एचपीव्ही टेस्ट (एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा व्हायरस), एकाची पॅप, म्हणजे तिथल्या पेशी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायच्या, एकाची व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याला फक्त माहिती. आठ वर्षांनी मोजलं तर चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेलेल्या आणि एचपीव्हीवाल्या गटात ३४. तेही टेस्ट एकदाच करून! २००९ मध्ये हे छापून आलं. त्या अभ्यासात पॅप आणि ॲसिडने तेवढा फरक दिसला नाही, पण ॲसिडला लगेच नावं ठेवू नका हां, मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा कॅन्सर हॉस्पिटलने दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आता एचपीव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली की घरात रडारड सुरू होते आणि हा व्हायरस शरीरसंबंधातून येतो म्हणून कुणीतरी लगेच नवऱ्यावर नाहीतर बाईवर संशय घ्यायला लागतं. अहो, पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस सापडला, कॅन्सर नाही. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो घालवून टाकतं, ज्यांचा टिकतो त्यांनाही कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणजे आपल्या हातात चिक्कार वेळ असतो आणि तो आपण घालवतो.

या व्हायरसवरची भारतीय लस तर आपल्या हडपसरच्या सीरमनेच काढली, सर्व्हाव्हॅक, २०२२ ला परवानगी मिळाली. मुलींना ९ ते १४ मध्ये दिलेली सगळ्यात चांगली. पण लस घेतली म्हणून पुढे तपासणी सुटत नाही.

आणि आजार निघालाच तर नातेवाईकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, पिशवी काढून टाका ना." लहान असेल तर काढतातच. थोडा पसरलेला असेल तर काय करायचं, हे टाटानेच ६३५ बायकांवर तपासलं, आधी केमो आणि मग ऑपरेशन की शेक (म्हणजे रेडिएशन) आणि बरोबर केमो. २०१८ चा रिझल्ट, पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका शेकवाल्यांत ७६.७ टक्के, ऑपरेशनवाल्यांत ६९.३. म्हणजे ऑपरेशन नाही म्हटलं की "हात टेकले" असं नसतं.

शेक साधारण पाच आठवडे, मग आतून दिला जाणारा शेक. पेशंटची खरी गळती इथेच होते. दोन-तीन आठवड्यांत अंगावरून जायचं थांबतं, बाईला बरं वाटतं, गावाकडे पेरणी असते, सून बाळंतपणाला आलेली असते आणि ती म्हणते राहू द्या आता. आतला शेक राहिला तर गाठ परत यायची भीती खूप वाढते. म्हणून पेशंटबरोबर आलेल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी शेवटच्या शेकाची तारीख लिहून देतो, आणि राहायची सोय कुठे आहे तेही विचारून घेतो.