उतारावर आधी डोके दमते

अंजनेरी गावातून निघालेली पायवाट जैन लेणी मागे टाकून पठारावर येते. नाशिकपासून सुमारे 20 किलोमीटरवर, त्र्यंबकच्या रस्त्याला असलेल्या या डोंगरावर पावसाळ्यात धुके असे उतरते की दहा पावलांपुढचा दगडही दिसेनासा होतो. या वाटेवर धावणाऱ्या बाई शहरातल्या एका शाळेत गणित शिकवतात आणि सध्या ट्रेल मॅरेथॉनची, म्हणजे डोंगरवाटांवरच्या मॅरेथॉनची, तयारी करीत आहेत. मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर, डोंगरात ते थोडे इकडेतिकडे होतेच, आणि तिथे त्याचे कोणी फारसे मनावरही घेत नाही.

त्यांच्या नजरेकडे नीट पाहावे. ती समोरच्या डोंगरावर नाही, दोन-तीन पावलांपुढच्या जमिनीवर खिळलेली आहे. शेवाळलेला कातळ टाळायचा की त्यावर अलगद पाय टेकवून पुढे जायचे, घसाऱ्यावर टाच रोवायची की चवड्यावर निभावून न्यायचे, याचा निवाडा पावलागणिक करावा लागतो. नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या सपाट रस्त्यावर पेस, म्हणजे धावण्याचा वेग, एकदा जमला की पाय आपसूक पडत राहतात. डोंगरात ती सोय नाही. म्हणूनच अवघड टप्पा सुखरूप उतरून आलेला धावपटू पुढच्या सपाट मळवाटेवर ठेचकाळतो. पायांत जोर असतो, लक्ष मात्र संपलेले असते.

हा थकवा मनाचा खेळ आहे असे म्हणून तो उडवून लावणे योग्य नाही. इटलीतील तुरिनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी 1891 मध्येच नोंदवून ठेवले होते की, दीर्घ व्याख्याने आणि तोंडी परीक्षा घेतल्यानंतर त्यांच्या सहकारी प्राध्यापकांचे स्नायू लवकर दमत होते. पुढे 2009 मध्ये सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 16 जणांना 90 मिनिटे संगणकावर एकाग्रतेचे काम देऊन मग सायकलवर बसवले. एरवी सरासरी 754 सेकंद टिकणारी हीच माणसे त्या दिवशी 640 सेकंदांत थांबली. हृदयाच्या आणि प्राणवायूच्या मोजमापांत असे काहीही आढळले नाही, ज्यावरून हा फरक समजावा. फक्त तेवढेच श्रम त्यांना सुरुवातीपासून अधिक जड वाटत होते. शनिवारी रात्री उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवून रविवारी पहाटे डोंगर गाठणाऱ्या शिक्षिकेला चढ नेहमीपेक्षा उभा का वाटतो, याचे उत्तर इथे आहे.

मग करायचे काय? ‘मन घट्ट करा’ हा सल्ला फलकावर शोभतो, तिसाव्या किलोमीटरला तो फारसा उपयोगी पडत नाही. त्या वेळी नवे काही सुचत नाही, म्हणून जे ठरवायचे ते आधीच ठरवलेले बरे. कोणत्या चढावर धावायचे नाही, दर किती मिनिटांनी खायचे, राजगिऱ्याची चिक्की कोणत्या खिशात ठेवायची, हे सारे बाईंनी घरीच लिहून काढले आहे. पोट काहीच घ्यायला तयार नसेल, तर गोड सरबताची चूळ भरून ती टाकून दिली तरी काही अंशी फायदा होतो. 2004 मधील एका प्रयोगात कर्बोदकाच्या द्रावणाने नुसती चूळ भरणाऱ्या सायकलपटूंचा वेळ, सुमारे तासाभराच्या चाचणीत, जवळपास तीन टक्क्यांनी सुधारला होता; तोंडातील संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

स्वतःशी बोलायची वाक्येही आधी घोटून ठेवावी लागतात. ती दोन आठवडे तयार करून वापरणाऱ्यांची सायकलवरील टिकण्याची वेळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढल्याचे 2014 मधील एका अभ्यासात दिसले. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघणारे भाविक चिखलातून रात्रभर ‘बम बम भोले’ म्हणत चालतात. त्यांना हा अभ्यास कोणी वाचून दाखवलेला नाही. बाईंचे वाक्य त्याहून साधे आहे: “त्या वळणापर्यंत जायचं, मग बघू.” वळण आले की पुढचे झाड, झाडानंतर पुढचा दगड.

मात्र प्रत्येक थकवा रेटून न्यायचा नसतो, आणि हे बोलायला धावपटूंना जड जाते. कंटाळा, चिडचिड, ‘कशाला आलो’ हा विचार, इथवर सारे सामान्य आहे. बोलणे अडखळू लागले, तोल जाऊ लागला, ओळखीची वाट अनोळखी वाटू लागली, किंवा भिजलेल्या अंगाची थरथर ऊब न मिळताच थांबली, तर तो मनाचा प्रश्न राहत नाही. शरीराचे तापमान घसरलेले असू शकते. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम खाली आलेले असू शकते, आणि अशा वेळी आणखी पाणी पाजणे धोक्याचे ठरते. बाईंच्या सोबतचा धावपटू म्हणूनच दर तासाला त्यांना विचारतो की शेवटचे कधी खाल्ले, पुढचे एड स्टेशन (वाटेवरचा मदतीचा थांबा) कोणते आणि सतरा साते किती. उत्तर चुकले किंवा फार वेळ लागला, तर पुढच्या एड स्टेशनवर बिब (छातीवरचा शर्यतीचा क्रमांक) काढून डॉक्टरांच्या हवाली व्हायचे, असे दोघांमध्ये शर्यतीआधीच ठरले आहे, आणि त्या क्षणी बाईंनी कितीही वाद घातला तरी तो ऐकून घ्यायचा नाही, हेही.