पट, नाटक आणि मोबाईल

श्रोतेहो, नमस्कार.

हरभऱ्याच्या ओलिताला लाईन रात्रीची मिळाली की वावरात जाण्यावाचून इलाज नसतो. मोटर चालू केली, की पोट्टे धुऱ्यावर बसून मोबाईल उघडतात. अंधारातून ‘अबे, मागून येऊन राहिला पाय!’ असं ऐकू आलं, तर रानडुक्कर समजून काठी शोधू नका. बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या गेममध्ये बेटावर शंभर जण उतरलेत, त्यातलाच एखादा मागे लागलाय. त्याच टोळीतला भिडू तिकडे पुण्यात, कंपनीच्या पाळीवरून नुकताच खोलीवर आलेला. दहावीनंतर पांगलेली दोस्ती तासभर अशी भेटते.

‘पोट्टं वाया गेलं’ हा शेरा मात्र घरोघरी तयार असतो. मला तो घाईचा वाटतो. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, एका सेकंदाच्या तुकड्यावरून जोडी जिंकली की हरली ठरतं, आणि त्यावर महिनाभर वाद घालणारे आपणच. तिकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं, दुसऱ्या दिवशी अख्खं गाव पेंगतं. नाटकानं गाव वाया गेलं, असं कोणी म्हणत नाही!

जगानं तर या पडद्यावरच्या खेळांना केव्हाच पंगतीत घेतलंय. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी रचलेला टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं २०१२ मध्ये आपल्या संग्रहात घेतला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला, म्हणजे अशाच गेमच्या सामन्यांना, पदकं होती. पैसे लावून खेळायचे ते ॲप निराळे. तो जुगार, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यावर बंदीचा कायदा केला, ते बरंच झालं. पण नुसत्या खेळातही बंदुकीला रंगीत मुलामा द्यायला खरे पैसे मागतात. त्यावर बापानं लक्ष ठेवावंच.

पुण्याच्या एका चमूनं २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. त्यातली राजी म्हणजे कसरती करणारी पोरगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला ती एकटी निघते. आपल्या घरी मात्र मोबाईल आधी भावाच्या हाती. पोट्ट्याला रागवायचंच असेल, तर यासाठी रागवा. बहिणीची पाळी येते ती बॅटरी दहा टक्क्यांवर आल्यावर, आणि तेवढ्यात चुलीपासून हाक येते, ‘वो बाई, कणीक भिजव!’