बेलनंतरचं वेल्स

५ जून २०२२. कार्डिफमध्ये पावसाची झोड उठली आहे. फुटबॉल सामन्यात युक्रेनविरुद्ध वेल्सला फ्री किक मिळाली आणि ती कोण घेणार, हे कुणी विचारतही नाही. वेल्सचा कर्णधार, गॅरेथ बेल. त्याने मारलेला चेंडू युक्रेनच्याच यार्मोलेन्कोच्या डोक्याला लागून थेट जाळ्यात. कागदोपत्री स्वयंगोल, वेल्सच्या लेखी तो बेलचाच! ६४ वर्षांनी वेल्स वर्ल्ड कपला निघालं.

जेमतेम तीस लाख वस्तीचा देश. अडलं की चेंडू बेलकडे, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. जानेवारी २०२३ मध्ये, १११ सामने आणि ४१ गोलांनंतर, बेल थांबला. सवय थोडीच थांबते?

जूनमध्ये आर्मेनियाने कार्डिफमध्ये येऊन ४-२ असं धुतलं. ऑक्टोबरमध्ये त्याच मैदानावर हॅरी विल्सनने दोन गोल करून क्रोएशियाला हरवलं. एक दिवस असा, एक तसा.

मग २६ मार्च २०२४, समोर पोलंड. जिंकलं तर युरो, म्हणजे युरोपची राष्ट्रीय संघांची स्पर्धा. १२० मिनिटांत गोल नाही. पेनल्टींमध्ये पोलंडच्या पाचही आत. वेल्सच्या चार आत, आणि पाचवीला डॅन जेम्स. तो धावत येतो, मारतो... पोलंडचा गोलरक्षक श्चेस्नी अडवतो. पाचवी किक बेलची असती, असं त्या रात्री किती जणांच्या मनात आलं असेल! जेम्सवर हा अन्यायच, पण येणारच ते मनात.

जूनमध्ये जिब्राल्टरशी गोलशून्य बरोबरी, स्लोव्हाकियाकडून ४-०. प्रशिक्षक रॉब पेज गेले आणि क्रेग बेलामी आले. खेळाडू असताना डोकं गरम म्हणून ओळखला जाणारा माणूस. त्यांनी नवा बेल शोधायच्या फंदात न पडता सगळ्यांनाच पळायला लावलं. चेंडू गेला की तो परत मिळवायला जवळचे दोघं-तिघं तुटून पडायचे. दुसऱ्याच सामन्यात, मॉन्टेनेग्रोत, चिखलाने भरलेल्या मैदानावर, पहिल्या तीन मिनिटांत दोन गोल.

१९ नोव्हेंबर २०२४, पुन्हा कार्डिफ. आइसलंडने सुरुवातीलाच आघाडी घेतली. स्टेडियम गप्प. मग लियम कलन. पुन्हा कलन. ब्रेनन जॉन्सन. हॅरी विल्सन. ४-१.

तिकडे त्याच गटातलं तुर्की मॉन्टेनेग्रोकडून हरलं. नेशन्स लीग या युरोपीय संघांच्या स्पर्धेत आपल्या गटात वेल्स पहिलं, सहा सामन्यांत एकही हार नाही.