शीव मोजताना : जीपीएस आणि ग्रामसभा

गडचिरोली, मार्च महिना. सागाची पानं गळून गेलीत. सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरच्या अख्ख्या गावाच्या हक्काच्या दाव्यासाठी शीव मोजायची, तर हेच दिवस बरे. पावसाळ्यात दाट पानांखाली उपग्रहांचा सिग्नल अडतो आणि बिंदू दहा-पंधरा मीटर इकडचा तिकडे पडतो.

हातातलं हे जीपीएस यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालतं. आणखी चार पिशवीत हवेत. मोकळ्या जागी उभं राहायचं, पडद्यावर अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबायचं, मगच पहिला बिंदू घ्यायचा. इथं घाई केली तर फेरी संपल्यावर हद्दीची दोन टोकं जुळत नाहीत.

पुढे चालतात ते गावातले जाणते. नाल्याचं वळण, दगडांची रास, जुना मोह... शीव त्यांना पाठ आहे. यंत्र त्यांच्या मागून येतं. शेजारच्या गावचेही दोघं-तिघं सोबत लागतात, म्हणजे उद्या वाद नको. वन आणि महसूल खात्याला आधीच लेखी नोटीस दिलेली असते, आणि तिची पोच फाइलला.

प्रत्येक बिंदूचा क्रमांक वहीत उतरतो, खुणेच्या नावासकट. नाव गोंडी असेल तर गोंडीच. जेवायला बसताना ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची यंत्रातली रेषा, थांबवायचा. विसरलात तर बसल्या जागी रेषेचा हा असा गुंता होतो.

आता संगणक. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चूक मात्र महागात पडते. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून अक्षांश २० अंश १५ मिनिटं म्हणजे २०.२५ अंश. कुणी सरळ २०.१५ भरलं, की बिंदू ११ किलोमीटर दक्षिणेला गेलाच! दुसरा घोळ जुन्या टोपोशीटचा, म्हणजे सरकारी छापील नकाशाचा. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आकार धरतात, तो तिचा एव्हरेस्ट, यंत्राचा डब्ल्यूजीएस-८४. तसंच एकावर एक ठेवलं तर हद्द शंभर मीटरहून जास्त सरकते, आणि नाल्याकाठचं जंगल कागदावर दुसऱ्या गावाचं होतं.

छापलेला नकाशा समाजमंदिरात जमिनीवर अंथरला जातो. बाया बोट ठेवून पाणवठे दाखवतात, राहिलेली पायवाट लाल पेनानं ओढली जाते. ठरावासाठी ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात: निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-चराईच्या वहिवाटीची जुनी सरकारी नोंद), वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. उपग्रहाचं चित्र फक्त पूरक, असं वनहक्क नियमच सांगतात. त्याच्यावाचून दावा अडवणाऱ्या साहेबांना तो नियम वाचून दाखवावा.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून तिथली ग्रामसभा बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देते.

मूळ नकाशा, वही आणि केएमएल फाइलचा (संगणकावरच्या नकाशाची फाइल) पेनड्राइव्ह ग्रामसभेच्या पेटीत राहतो. तालुक्याला जाते ती प्रत.