बिलबेरीचा जॅम आणि रात्रीची नजर

हे फळ बघा. बिलबेरी. युरोपातल्या जंगलात गुडघाभर उंचीच्या झुडपांना लागतं, दिसायला ब्लूबेरीची धाकटी बहीणच, पण कापलं की फरक कळतो, ब्लूबेरी आतून पांढुरकी हिरवट आणि ही पार आतपर्यंत जांभळी. बोटं, ओठ, जीभ सगळं रंगतं, आपल्याकडे जांभळं खाल्ल्यावर होतं ना, तस्संच. रंगद्रव्यही त्याच घराण्यातलं, अँथोसायनिन.

आता हिला एक किस्सा चिकटलाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचे पायलट म्हणे उड्डाणाआधी बिलबेरीचा जॅम खायचे आणि मग त्यांना अंधारात लख्ख दिसायचं. याला धड पुरावा नाही. त्याच काळात गाजराचीही अशीच हवा झालेली, जॉन कनिंगहॅम नावाचा पायलट रात्री जर्मन विमानं पाडायचा, पेपरवाल्यांनी त्याला 'मांजरडोळ्या' करून टाकलं, कारण काय तर गाजर, आणि खरी करामत होती विमानात बसवलेल्या रडारची!

जॅमचा किस्सा मात्र टिकला, त्यावर गोळ्या निघाल्या, आजही खपतात. २००० साली अमेरिकेत १५ तरुणांवर ट्रायल झाली, तीन आठवडे बिलबेरीचा अर्क आणि तीन आठवडे नुसती दिखाऊ गोळी, मध्ये महिनाभर गॅप, कोणती खरी आणि कोणती खोटी हे देणाऱ्यालाही माहीत नाही. रात्रीची नजर तपासली. काही फरक नाही.

मग बेरी खाऊन डोळ्यांना काहीच नाही का? तर एक आहे, लालकेशरी, चिनी स्वयंपाकात सूपमध्ये टाकतात ती गोजी बेरी. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीत पंचेचाळिशी ओलांडलेल्या काही जणांनी आठवड्यातून पाच वेळा २८ ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर सुकी गोजी ९० दिवस खाल्ली, आणि त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या मधोमध असतो तो पिवळा थर जरा दाट झाला. हा थर निळा प्रकाश गाळतो, आतल्या आत गॉगल लावल्यासारखा. पण थांबा, माणसं मोजकीच होती, डोळे आधीच ठणठणीत, आणि नंबर कमी झाला बिमला असं कोणी म्हटलेलं नाही हां.

त्या थरातल्या आणि गोजीतल्या एका पिवळ्या रंगद्रव्याचं नाव झियाझँथिन, आणि यातलं 'झिया' आलंय मक्याच्या शास्त्रीय नावावरून. म्हणजे पावसात घाटात थांबून लिंबू-तिखट चोळून खातो ना आपण ते पिवळं कणीस, त्यातही हेच आहे.