'जेवायलेय' आणि आय अ‍ॅम ईटिंग

नमस्कार. बी.एड.च्या पहिल्या वर्षात आलेल्या तुम्हा सगळ्यांशी बोलायला मला बोलावलं, याचा आनंद आहे. मी तुमच्यापेक्षा फार पुढे नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून नुकतीच मराठी शाळेत इंग्रजी शिकवू लागलेय. त्यामुळे अध्यापन पद्धतींवर बोलत नाही. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात, सातवीच्या एका वर्गात माझं काय झालं, ते सांगते.

त्याआधी तुम्ही सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठांचा सराव, कराल. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते ऐकायचं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा आणि सहा. ही ३६ मिनिटं मनापासून करा. प्रश्न विचारून थांबायचं किती, फळ्याकडे वळायचं कधी, हे तिथंच कळतं. फक्त समोर आपलेच सहाध्यायी असतात, त्यांना उत्तर आधीच येत असतं.

माझी शाळा सोलापूरच्या पूर्व भागात होती. खिडकीतून यंत्रमागांचा खडखडाट यायचा. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड. पाठ होता प्रेझेंट कंटिन्युअसचा. सूत्र फळ्यावर लिहिलं, वाक्यं म्हणून घेतली आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "व्हॉट आर यू डुइंग नाऊ?" ती म्हणाली, "आय सिट." मी दुरुस्त केलं. पुन्हा "आय सिट." तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. निरीक्षण वहीत मॅडमनी लिहिलं, "फलकलेखन सुंदर. वर्ग गप्प."

तो 'गप्प' मला फार लागला. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ही मुलगी सहा वर्षं इंग्रजी शिकून माझ्यासमोर बसली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती डबा खात होती. शेंगाचटणी आणि भाकरी. मैत्रिणीनं मैदानातून हाक मारली, तशी ही भरल्या तोंडानं ओरडली, "थांब गं, जेवायलेय!"

मी तिथंच उभी राहिले. पुस्तकी मराठीत 'मी जेवते' म्हटलं की रोजचं जेवणं आणि आत्ताचं जेवणं दोन्ही त्यात मावतं. सोलापूरच्या बोलीत मावत नाही. रोजचं ते 'जेवते', घास हातात असताना 'जेवायलेय'. आय ईट आणि आय अ‍ॅम ईटिंग यांतला भेद हाच की! जे मी सूत्रानं डोक्यात घालू पाहत होते, ते पोरीच्या जिभेवर होतं. आणि वर्गात तेच मी खोडत होते: "'करायलेय' काय म्हणतेस? 'करते' म्हण." याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या तासाला सूत्र लिहिलंच नाही. विचारलं, आई रोज काय करते? "विड्या वळते." आणि आत्ता? "वळायलीय." दोन्ही वाक्यं फळ्यावर, शेजारी त्यांची इंग्रजी. मग त्याच मुलीनं खिडकीकडे बोट केलं, खडखडाट चालूच होता, आणि म्हणाली, "माय फादर इज वीव्हिंग टॉवेल्स."

तेव्हापासून मी एक वेगळी वही ठेवते. मूल काय चुकलं ते लिहिते, आणि त्याच्यासमोर ती चूक कुठल्या भाषेतून आली असेल, हे लिहिते. एक मुलगा पेनला 'पेन्नु' आणि बसला 'बस्सु' म्हणायचा, वर्ग हसायचा. तेलुगूत बाहेरून आलेला शब्द असाच उकारान्त होतो, हे मला त्याच्या आजीनं सांगितलं. शेवटचा उकार सोडला की झालं. त्यानंच मला 'मनम' आणि 'मेमु' शिकवलं. आपलं 'आपण' आणि 'आम्ही'. इंग्रजीत दोन्हीला एकच 'वुई', हे ऐकून वर्गाला इंग्रजीचीच दया आली.

बोली सगळीकडे पुरत नाही, हेही वहीतच आहे. 'मला कळायलंय' म्हणणारी मुलं 'आय अ‍ॅम नोइंग' लिहितात, आणि तिथं इंग्रजी आयएनजी घेत नाही. बोलीचा हात न सोडता हे कसं सांगायचं, त्याचं पाठाचं टाचण मी सध्या लिहायलेय.